खिशातली मल्टीटूल नेमकी किती असावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करता, कार्यालयात कधी दुचाकीने तर कधी मेट्रोने जाता, अधूनमधून कामासाठी विमानाने बेंगळुरू गाठता आणि सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत ट्रेक करता. तुमच्याकडे आज सात मल्टीटूल, म्हणजे एकाच मुठीत अनेक अवजारे घडी होऊन बसणारी साधने, आहेत (मिलिमीटरचे आकडे मिटलेल्या चाकूच्या लांबीचे): किल्ल्यांच्या जुडग्यातला ५८ मिलिमीटरचा, व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा क्लासिक, ९१ मिलिमीटरचे दोन स्विस चाकू (एक साधा स्पार्टन आणि एक ३३ उपयोगांचा स्विसचॅम्प), ॲल्युमिनियमच्या मुठीचा ९३ मिलिमीटरचा एक, लेदरमन या अमेरिकी कंपनीचे पकडीचे वेव्ह, चावीला अडकवायची एक छोटी घडीची पक्कड आणि कोणीतरी भेट दिलेले, पाकिटात ठेवायचे पत्र्याचे कार्ड. आता पात्याचे पोलाद अधिक चांगले आहे म्हणून लेदरमनचेच चार्ज नावाचे मॉडेल घ्यावे का, आणि माणसाला अशी अवजारे मुळात किती लागतात, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो. तुमची गरज दोनची आहे, सोय तीनची आहे आणि ती तिन्ही तुमच्याकडे आधीच आहेत. यामागचा विचार मात्र सविस्तर मांडावा लागेल, कारण ही संख्या प्रत्येकाची वेगळी येते आणि ती ठरवण्याची रीत समजली तर पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही.

कारखान्यातील देखभालीच्या कामात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे मल्टीटूलकडे मी थोड्या कठोर नजरेने पाहतो. त्यातील जवळजवळ प्रत्येक अवजार हे मूळ अवजाराची कमी प्रतीची आवृत्ती असते. स्क्रू ड्रायव्हरचेच पाहा. खऱ्या स्क्रू ड्रायव्हरची दांडी मुठीच्या मधोमध असते, म्हणून मूठ फिरवली की जोर सरळ स्क्रूच्या अक्षावर येतो. मल्टीटूलमध्ये तीच दांडी एका कडेच्या खाचेतून बाहेर येते, मूठ रुंद आणि चपटी असते आणि दांडीची लांबी मुठीच्या लांबीने आधीच बांधलेली असते. मिक्सरच्या तळाचे स्क्रू खोल भोकात बसवलेले असतात. तिथे मल्टीटूलचे टोक पोहोचण्याआधी मूठच तळाला टेकते. पकडीचेही तसेच. निमुळत्या जबड्याची घडीची पक्कड वायर वाकवायला, खिळा उपसायला उत्तम, पण नळाच्या घट्ट बसलेल्या नटाला ती लावून जोर केला की तिची टोके एकमेकांवरून सरकतात, कधी पिरगळतात, आणि नटाचे कोपरे मात्र कायमचे गोल होतात. त्या जागी पान्हाच लागतो.

मग मल्टीटूल घ्यायचे कशासाठी? तर पेटी जवळ नसते तेव्हासाठी. घरातल्या कपाटात पक्कड, दोन आकारांचे स्टार व दोन फ्लॅट स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर आणि एक ॲडजस्टेबल पाना असेल तर त्या घरात मल्टीटूलला काहीच काम उरत नाही, आणि एका मोठ्या परदेशी मल्टीटूलच्या किमतीत ही सगळी पेटी घेऊन वर पैसे उरतात. नाशिकच्या टपारियाची साधी आठ इंची पक्कड पकडीचे काम कोणत्याही मल्टीटूलपेक्षा चांगले करते. त्यामुळे ‘मला किती मल्टीटूल लागतील’ हा प्रश्न मी असा फिरवून विचारतो: तुम्ही तुमच्या पेटीपासून किती वेगवेगळ्या तऱ्हांनी दूर जाता, आणि त्या प्रत्येक दूरपणात कोणते काम खोळंबते? जितक्या खरोखर वेगळ्या तऱ्हा, तितकी अवजारे.

या अवजारांचा जन्मही असाच झालेला आहे. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८८९ ची नवी रायफल स्वीकारली, तिचे भाग सोडवायला सैनिकाला स्क्रू ड्रायव्हर हवा होता आणि डबाबंद अन्न उघडायला डबा फोडण्याचे अवजार हवे होते. त्या नेमक्या गरजेतून पाते, टोचा, डबा उघडणी आणि स्क्रू ड्रायव्हर अशा चारच गोष्टींचा चाकू ठरला. त्याची पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये तयार झाली आणि १८९१ पासून श्वीत्स परगण्यातील इबाख गावचे कार्ल एल्सेनर, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक, तो पुरवू लागले. पुढे १८९७ मध्ये त्यांनी लहान पाते व बुचाचा स्क्रू असलेला अधिकाऱ्यांचा हलका चाकू नोंदवला आणि आज आपण ज्याला स्विस चाकू म्हणतो तो घाट तिथून आला. दुसरे घराणे टिम लेदरमन यांचे. अमेरिकेतील ओरेगनचे हे गृहस्थ १९७५ मध्ये जुनी फियाट घेऊन युरोप आणि पश्चिम आशियात फिरले. गाडी वारंवार बिघडे, स्वस्त हॉटेलांतले नळ गळत, आणि खिशातल्या चाकूला सगळे होते, फक्त पक्कड नव्हती. परत येऊन त्यांनी पकडीभोवती चाकू बांधण्याचा ध्यास घेतला आणि १९८३ मध्ये ते अवजार बाजारात आले. आजही बाजारातली शेकडो मॉडेले या दोनच घराण्यांत बसतात, एक बिनपकडीचे आणि एक पकडीचे. सर्वसाधारण माणसाची गरजही बहुतेक वेळा या दोन घरांपलीकडे जात नाही.

पहिले अवजार म्हणजे जे सतत अंगावर असते ते. याची निवड करताना लोक उपयोगांची संख्या पाहतात. मी वजन पाहतो. क्लासिक सुमारे २१ ग्रॅमचा आहे, स्पार्टन साधारण ६० ग्रॅमचा आणि स्विसचॅम्प १८५ ग्रॅमचा. २१ ग्रॅम जुडग्यात आहेत हे विसरायला होते. १८५ ग्रॅम खिशात ठेवले की पँट एका बाजूला ओढली जाते, चार-आठ दिवसांनी ते पिशवीत जाते, महिन्याने टेबलाच्या खणात जाते, आणि खणातले अवजार अंगावरचे अवजार राहत नाही. क्लासिकमध्ये साडेतीन-चार सेंटिमीटरचे पाते, कात्री, टोकाला बारीक फ्लॅट स्क्रू ड्रायव्हर असलेली नखाची कानस, चिमटा आणि दातकोरणे एवढेच आहे. शहरातल्या माणसाच्या रोजच्या नव्वद टक्के अडचणी एवढ्यातच मिटतात असे मी अनुभवाने म्हणतो: कुरिअरची चिकटपट्टी, औषधाचे पाकीट, शर्टचा लोंबता धागा, रिमोटच्या मागचा बारीक स्क्रू, बोटात गेलेली कूस. त्यातली कात्री तर तिच्या आकाराच्या मानाने अवाजवी चांगली आहे; कार्यालयात चाकू उघडला की आजूबाजूचे दचकतात, कात्री उघडली तर कोणी मान वर करत नाही, ही गोष्टही हिशेबात धरावी.

चष्मा असणाऱ्यांसाठी इथे एक अपवाद सांगतो. ९१ मिलिमीटरच्या ज्या चाकूंना बुचाचा स्क्रू असतो त्याच्या वेटोळ्यात फिरवून ठेवता येईल असा इवलासा स्क्रू ड्रायव्हर वेगळा मिळतो आणि तो चष्म्याच्या काडीच्या स्क्रूला अचूक बसतो. दारूच्या बाटलीशी काही संबंध नसलेल्या माणसानेही म्हणून बुचाच्या स्क्रूचे मॉडेल घ्यावे, असे मी सांगत आलो आहे. आवळलेली गाठ सोडवायलाही त्या वेटोळ्याचे टोक कामी येते. शिवाय स्पार्टनमध्ये स्टार स्क्रू ड्रायव्हर नाही म्हणून लोक त्याला नाकारतात, पण त्याच्या डबा उघडणीचे टोक मध्यम आकाराच्या स्टार स्क्रूला चांगले चालते आणि ते तसेच वापरण्यासाठी बनवलेले आहे.

दुसरे अवजार पकडीचे. हे सगळ्यांना लागतेच असे नाही. जो माणूस घर, कार्यालय आणि रिक्षा यांतच फिरतो, ज्याच्या इमारतीत देखभालीला माणूस आहे, त्याला क्लासिक एकटा पुरतो आणि त्याने दुसरे घेऊ नये. तुम्ही मात्र दुचाकी चालवता आणि ट्रेकला जाता, म्हणून तुमचा दूरपणा निराळा आहे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर पंक्चरच्या संचातील टोचा आणि पट्टी हाताशी असूनही आधी खिळा उपसावा लागतो, आणि तो नखांनी निघत नाही. तिथे पक्कड लागते. ट्रेकमध्ये स्टोव्हवरचे हँडल नसलेले भांडे उचलणे, सॅकच्या तुटलेल्या बकलमधून पट्टा ओढून काढणे, बुटाच्या तळव्यात घुसलेला काटा खेचणे, ही सगळी पकडीची कामे आहेत. वेव्ह या कामाला पुरेसे आहे. त्याचे वजन सुमारे २४१ ग्रॅम, म्हणजे मोबाइलहून जास्त, त्यामुळे त्याची जागा खिशात नसून पिशवीत किंवा दुचाकीच्या डिकीत आहे. त्याची पाती घडी न उघडता बाहेरून एका हाताने उघडतात आणि उघडल्यावर अडकतात. स्विस चाकूंपैकी ५८, ९१ आणि ९३ मिलिमीटरच्या आकारांत असे कुलूप नसते, त्यामुळे टोकावर दाब देऊन भोक पाडण्याचे काम त्यांच्या पात्याने करू नये. ते बोटांवर मिटू शकते. ९१ आणि ९३ च्या बहुतेक मॉडेलांत त्या कामाला वेगळा टोचा दिलेला असतो.

पकडीच्या मल्टीटूलबाबत एक इशारा मात्र ठळकपणे दिला पाहिजे. त्याची मूठ उघड्या धातूची असते. इलेक्ट्रिशियनच्या पकडीवर १००० व्होल्टची खूण असलेले आवरण असते, ते इथे नाही. त्यामुळे चालू विजेच्या जवळ, मग तो साधा स्विचबोर्ड का असेना, हे अवजार न्यायचेच नाही. मेन स्विच बंद करून टेस्टरने तपासल्यावरच हात घालावा, आणि तेव्हाही घरी असाल तर खरी पक्कड वापरावी. तार कापण्याबाबतही मर्यादा ओळखावी. तांब्याची वायर, कुंपणाची मऊ लोखंडी तार ते कापते. स्प्रिंगची कडक तार कापली तर कापणीच्या धारेला खाच पडते, आणि ब्रेकची केबल कापली तर तिचे धागे विस्कटतात.

तिसऱ्या अवजाराचा प्रश्न मुख्यतः सायकलवाल्यांना पडतो. सायकलला ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की आणि साखळीची पिन काढणारा चेन टूल लागतो. यांपैकी काहीही वेव्ह किंवा स्विस चाकूत नीट मिळत नाही, आणि सायकलच्या मल्टीटूलमध्ये पाते नसले तरी बिघडत नाही. दोन्हींचे कार्यक्षेत्र एकमेकांत फारसे मिसळत नाही, म्हणून तिथे तिसरे अवजार रास्त ठरते. ट्रेकसाठी वेगळे तिसरे अवजार हवे, हा समज मात्र मला पटत नाही. करवतीमुळे स्विसचॅम्प ट्रेकला न्यावासा वाटतो, असे तुम्ही लिहिले आहे. सह्याद्रीत करवतीने कापायचे काय? कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर हे अभयारण्य आहे, तिथे झाडाची फांदी तोडणे हा गुन्हा आहे, आणि अभयारण्याबाहेरही मुक्कामाला गॅसचा छोटा स्टोव्ह नेणे हीच आता योग्य रीत आहे. ट्रेकला लागते ते एक पाते, बँडेज कापायला कात्री आणि करवंदीच्या काट्यांसाठी चिमटा.

तरीही सोय तीनची आहे असे मी वर म्हटले, त्याचे कारण अवजारात नसून माणसाच्या सवयीत आहे. एकच अवजार डिकीतून सॅकमध्ये आणि सॅकमधून डिकीत फिरवायचे ठरवले की पहाटे चारला निघण्याच्या गडबडीत ते तिसऱ्याच ठिकाणी राहते. सॅकमध्ये कायमचा ठेवलेला साधा स्पार्टन हा त्यावरचा सोपा उपाय आहे. तो तुमच्याकडे नसता तर मी तो विकत घ्या असे म्हटले नसते. आहे, म्हणून त्याला सॅकच्या वरच्या कप्प्यात बसवा. त्याला कात्री नाही, तेव्हा प्रथमोपचाराच्या डबीत एक छोटी कात्री ठेवा, म्हणजे झाले.

एक मोडले तर हाताशी दुसरे हवे म्हणून जोडी बाळगावी, असेही अनेकजण सांगतात. चार माणसांच्या ट्रेकमध्ये तीन जणांकडे चाकू असतो, आणि पुण्याच्या रस्त्यावर वेव्ह मोडले तर शंभर पावलांवर गॅरेज सापडते. समुद्रावर किंवा हिमालयात अनेक दिवस मुक्काम करणाऱ्याने राखीव अवजार ठेवावे. इतरांच्या बाबतीत ती खरेदीची सबब असते.

प्रवासातले नियम संख्या कमी ठेवण्याच्याच बाजूचे आहेत. विमानात हातातल्या सामानात कोणत्याही लांबीचा चाकू चालत नाही, आणि जुडग्यातला छोटा क्लासिक हाच सर्वांत जास्त विसरला जातो व तपासणीत जातो. बेंगळुरूला जाताना तो घरी ठेवा किंवा चेक-इनच्या बॅगेत टाका. पात्याशिवायची मल्टीटूल मिळतात, पण पक्कड किंवा स्क्रू ड्रायव्हर पाहूनही तपासणी अधिकारी अडवू शकतो आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो. मेट्रोच्या प्रवेशद्वारावरही चाकू अडू शकतो, म्हणून मेट्रोच्या दिवशी वेव्ह घरी राहिलेले बरे. शस्त्र नियमांत चाकूसाठी सांगितलेली मर्यादा ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची आहे, त्यामुळे तुमचे कोणतेही अवजार तिच्या जवळपासही जात नाही. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात मनाई आदेश निघतात आणि त्या कलमात चाकूचा उल्लेख आहे. त्या दिवसांत ट्रेकला निघाला नसाल तर खिशात फक्त किल्ल्या असू द्याव्यात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या चुलतभावाला यातले एखादे भेट द्यावे असे तुम्ही लिहिले आहे, तर त्याला ९३ मिलिमीटरचा द्या, वेव्हच्या जातीचे देऊ नका: तिथे तीन इंचांपर्यंतचे, न अडकणारे घडीचे पाते कारणाशिवाय बाळगता येते, पण कुलूपवाले पाते सार्वजनिक जागी बाळगायला सबळ कारण दाखवावे लागते. त्या ९३ ला चिमटा आणि दातकोरणे ठेवायला जागा नाही, परंतु त्याचा टोचा आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर ९१ हून दणकट आहेत.

आता चार्ज. चार्ज आणि वेव्ह यांचा सांगाडा जवळजवळ एकच आहे. चार्जच्या वरच्या मॉडेलात मुठीला टायटॅनियम आणि पात्याला एस३०व्ही नावाचे पोलाद आहे, जे वेव्हच्या ४२० एचसीपेक्षा जास्त काळ धार धरते. ही गोष्ट खरी आहे. मात्र दिवसाला दोन खोकी उघडणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही, आणि ४२० एचसीला साध्या निसण्यावर पाच मिनिटांत धार लागते, तर एस३०व्हीला हिऱ्याच्या कणांचा निसणा लागतो. पकडीत, कात्रीत, करवतीत काही फरक नाही. एका पात्यासाठी संपूर्ण अवजाराची इतकी जास्त किंमत मोजणे हे कामाच्या हिशेबात बसत नाही. संग्रहाच्या हिशेबात ते बसते, आणि संग्रह करण्यात कमीपणा मानण्याचे मला कारण दिसत नाही. स्विस चाकूच बनवणाऱ्या वेंगर कंपनीने ८७ अवजारे आणि १४१ उपयोगांचा, किलोभराहून जड असा एक चाकू बनवला होता, तो खिशात कोणी घातला असेल असे वाटत नाही, पण लोकांनी तो हौसेने घेतला. फक्त संग्रहाला वेगळा खण द्या आणि गरजेच्या यादीत त्याला मोजू नका. स्विसचॅम्प त्या खणात शोभून दिसेल. छोट्या घडीच्या पकडीला तुमच्या तिन्ही अवजारांत आता काम उरलेले नाही. पत्र्याचे कार्ड टाकून द्या. त्याच्या पान्ह्याच्या खाचा कोणत्याच नटाला नीट बसत नाहीत आणि त्याची कडा पाकीट मात्र फाडते.

पावसाळ्यानंतर एक काम करा. गंजरोधक पोलादालाही घाम, चिखल आणि कोकणातल्या खाऱ्या हवेने बिजागरीजवळ तांबूस डाग येतात. कोमट पाण्यात अवजार बुडवून प्रत्येक पाते चार-पाच वेळा उघडमिट करा, फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या आणि प्रत्येक बिजागरीत तेलाचा एकेक थेंब सोडा. तीन अवजारांना यासाठी अर्धा तास पुरतो. चार्ज धरून होणाऱ्या आठांना लागणारा वेळ कोणी काढत नाही, हेही अनेक चाकू बाळगणाऱ्यांकडे पाहून सांगतो.

यानंतरही चार्जची इच्छा राहिली तर पुढचा महिनाभर मोबाइलमध्ये नोंद ठेवा: कोणते अवजार लागले, तेव्हा ते जवळ होते का, आणि जे जवळ होते त्याने काम का अडले. ‘धार बोथट झाली म्हणून अडले’ अशी नोंद तीन वेळा आली, तर चार्ज जरूर घ्या. त्याच आठवड्यात वेव्ह विकून टाका, कारण दोन्ही त्याच डिकीतल्या त्याच जागेसाठी आहेत.